स्वयंपाकाचा वर्ग, पण अख्ख्या घराचा



गेल्या वर्षी सप्टेंबरात, पोषण महिन्यात, आमच्या ग्रामसंघाने पाककृतीचं प्रशिक्षण ठेवलं होतं. तीस-पस्तीस बायका आल्या. शेवग्याच्या पाल्याची भाजी, मोड आलेल्या मटकीची उसळ, ज्वारीचे दोन-तीन प्रकार, सगळं करून दाखवलं. चव घेतली, फोटो निघाले, हजेरीपत्रकावर सह्या झाल्या. पंधरा दिवसांनी गटाच्या बैठकीत मी विचारलं, घरी कुणी कुणी करून बघितलं?

कुणी बोलेना. मग एक ताई म्हणाल्या, "मी केली होती शेवग्याची भाजी. मालकांनी वाटी बाजूला सरकवली, म्हणाले हा पाला शेळीला घाल. सासूबाई म्हणाल्या, आपल्यात शेंगा खातात, पाला नाही खात. पोरांनी बापाकडं बघितलं आणि त्यांनीही नाकं मुरडली. मग दोन वेळा मीच खाल्ली. उरलेली खरंच शेळीपुढं टाकली."

सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी जाताना मात्र ते डोक्यातून जाईना. कारण भाजी चांगली झाली होती आणि ताई ती नीट शिकल्या होत्या. त्यांच्या हाताला चव आहे हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. मग अडलं कुठं?

अडलं ते असं. आठवडी बाजारातून भाजी आणतात मालक. काय शिजवायचं ते सांगतात सासूबाई. काय खायचं आणि काय टाकायचं ते ठरवतात पोरं. आणि आम्ही प्रशिक्षण दिलं ते चौथ्या माणसाला, जिच्या हातात फक्त पळी आहे. पळी हातात असली म्हणजे स्वयंपाकघर आपल्या हातात आलं असं आपण धरून चालतो. तसं नसतं, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

म्हणून या वर्षी आम्ही वर्ग घेतला तो बायकांचा नाही, कुटुंबांचा. आठ कुटुंबं, एक रविवार, चार चुली. त्यात काय जमलं आणि काय फसलं ते सांगते. तुमच्या ग्रामसंघात घ्यायचा झाला तर उपयोगी पडेल.

कशासाठी एवढा खटाटोप

आधी दोन आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा पाचवा फेरा २०१९ ते २०२१ या काळात झाला. त्यात आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी निघालं. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांमध्ये हेच प्रमाण जवळजवळ ६९ टक्के. म्हणजे गटाच्या बैठकीत दहा जणी बसल्या असतील तर त्यातल्या पाच-सहा जणींना जिना चढताना धाप लागते, डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि त्या म्हणतात "काही नाही गं, ऊन लागलं."

दुसरा आकडा कामाचा. २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची सरकारी पाहणी झाली. घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जात होता, म्हणजे पाच तास. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची जात होती ९७ मिनिटं. आणि असे हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीसच निघाले.

हे दोन आकडे मी शेजारी शेजारी मांडते, कारण आपल्या घरात ते एकाच बाईच्या अंगावर असतात. पाच तास राबून जी सगळ्यांना वाढते, तिच्या ताटात शेवटी काय पडतं? हा प्रश्न एकट्या बाईला विचारून भागत नाही. ती "माझं पोट भरतं की" एवढंच म्हणणार. तो सगळ्या घरासमोर विचारायचा, आणि विचारायला निमित्त लागतं. स्वयंपाकाचा वर्ग हे चांगलं निमित्त आहे, कारण जेवायला मिळतं म्हटलं की माणसं येतात.

पुरुष येतील का?

पहिली शंका सगळ्यांचीच ही. आमच्या ग्रामसंघाच्या अध्यक्षा म्हणाल्या, "माणसं कशाला येतील कांदा चिरायला? गाव हसेल."

मी त्यांना सप्ताहाची आठवण दिली. आपल्या गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो, काल्याच्या दिवशी महाप्रसाद असतो. तो कोण करतं? मोठ्या कढया चढवून, कमरेला उपरणं बांधून, उलथनं घेऊन आमटी ढवळतात ती गावातली पुरुष मंडळीच. हजार माणसांच्या आमटीला मीठ किती हे त्यांना तोंडपाठ असतं. वाढायलाही तेच. लग्नातले आचारीही बहुतेक पुरुषच. म्हणजे येत नाही असं नाही. देवाच्या दारात चूल पेटवली तर ती सेवा, आणि स्वतःच्या घरात पेटवली तर बायकोचा बैल, एवढाच काय तो फरक.

आम्ही याच धाग्याला धरून निरोप दिले. सप्ताहात आमटी करणारे जे दोघं-तिघं आहेत, त्यांना आधी गाठलं. "भाऊ, तुमच्या हातची आमटी गावाला माहीत आहे, एक चूल तुम्ही सांभाळा" असं म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? ते आले म्हणून बाकीचे आले. हा आमचा सगळ्यात चांगला डाव होता. नुसती चिठ्ठी पाठवली असती तर एकही पुरुष फिरकला नसता.

सासूबाईंचं वेगळं. त्यांना शिकायला बोलावू नका. त्यांनी चाळीस वर्षं चूल सांभाळली आहे, आता त्यांना कोण शिकवणार! त्यांना शिकवायला बोलवा. आमच्याकडे भाकरी शिकवायचं काम आम्ही तिघी आजींकडे दिलं. त्यांचा मान राहिला, आणि शेवग्याच्या पाल्याची गोष्ट निघाली तेव्हा त्यातल्याच एक आजी म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात आम्ही हाच पाला खाऊन राहिलो. तेव्हा दुष्काळाचं खाणं म्हणून पुढं कुणी केलं नाही." हे त्यांच्या सुनेनेही पहिल्यांदाच ऐकलं. "आपल्यात खात नाहीत" याच्या मागं कधी कधी अशी गोष्ट असते, आणि ती आजींकडूनच बाहेर येते.

आणखी एक. कुटुंब म्हणजे नवरा-बायको-पोरं असंच धरू नका. आपल्या गटांत एकल महिला आहेत, विधवा आहेत, माहेरी राहणाऱ्या आहेत. "जोडीने या" असा निरोप गेला की त्या आपोआप घरी बसतात. आम्ही म्हटलं, "ज्यांच्याबरोबर तुम्ही रोज जेवता त्यांना घेऊन या." एक ताई भाऊ आणि भाचीला घेऊन आल्या. एक जणी शेजारच्या म्हातारीला घेऊन आल्या, दोघी एकाच चुलीवर करून खातात. हेही कुटुंबच.

दिवस आणि जागा

दिवस ठरवताना कॅलेंडर नीट बघा. बाजाराचा दिवस नको. एकादशी, चतुर्थी नको, आणि गावात ज्या वारी उपास करणारे जास्त असतील तो वार नको. पेरणी आणि काढणी सोडून धरा. ज्या गावांतून ऊसतोडीला माणसं जातात, तिथं दसरा-दिवाळीच्या आधी घ्या, नंतर गाव मोकळं होतं. मुलं आजी-आजोबांजवळ ठेवून आई-बाप गेले असतील तर आजी-आजोबा आणि मुलांचा वर्ग मागाहून वेगळा घ्या. त्या मुलांच्या ताटाची काळजी जास्त आहे.

जागा कुणाच्या घरची नको. समाजमंदिर, ग्रामपंचायतीचं सभागृह किंवा मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन शाळेचं आवार. घर म्हटलं की त्या घरची बाई यजमान होते आणि दिवसभर तीच उभी राहते. आणि दुसरं कारण, जे आपण बोलत नाही. कुणाच्या घरचं पाणी कुणाला चालतं आणि कुणाला चालत नाही, हे गावात अजून संपलेलं नाही. आमच्याकडेही एका घराने आडून आडून विचारलं, "पीठ कोण मळणार?" आम्ही निरोप देतानाच स्पष्ट सांगितलं होतं की चुलीवर कुटुंबं चिठ्ठी टाकून वाटली जातील आणि पंगत एकच असेल. ते घर आलं नाही. मला वाईट वाटलं, पण त्यासाठी पंगत दोन करणं मला पटलं नसतं आणि ग्रामसंघालाही पटलं नाही. तुमच्याकडे असं काही निघालं तर आधीच बोलून घ्या. वर्गाच्या दिवशी वाद नको.

खर्चाचं म्हणाल तर शिधा घरोघरचा. कुणी पीठ, कुणी मटकी, कुणी कांदे, कुणी लिंबं. ज्याच्या दारात शेवगा आहे त्याने पाला. तेल आणि गॅस ग्रामसंघाकडून. त्यासाठी आधी ठराव करून वहीत लिहा. गटाच्या बचतीला हात लावू नका. रक्कम लहान असली तरी "जेवणावळीत पैसे उडवले" हे एकदा बोललं गेलं की निस्तरायला वर्ष लागतं.

चूल पेटायच्या आधी

वर्गाचा पहिला अर्धा तास आम्ही काहीच शिजवलं नाही. प्रत्येक कुटुंबाला एक कागद दिला. त्यावर दहा अन्नगटांचा तक्ता. आपल्या बैठकांत तो तुम्ही पाहिला असेल: धान्य आणि कंदमुळं, डाळी-कडधान्यं, शेंगदाणे, तीळ, जवस यांसारख्या तेलबिया आणि सुका मेवा, दूध-दही, मांस-मासे, अंडी, हिरव्या पालेभाज्या, गाजर, लाल भोपळा, पिकलेला आंबा, पपई अशी पिवळी-केशरी फळं-भाज्या, इतर भाज्या, इतर फळं. बाईच्या पोटात दिवसभरात यातले किमान पाच गट जायला हवेत.

कालच्या दिवसाचा हिशोब भरायचा, घरातल्या प्रत्येकाचा वेगळा. लिहायचं काम शाळेत जाणाऱ्या मुलांना दिलं. मोठी माणसं हात राखून सांगतात, मुलं खरं सांगतात. चहातलं चमचाभर दूध धरायचं नाही, ठेचा म्हणजे भाजी धरायची नाही, आणि भाजीतल्या फोडी संपल्यावर उरलेला नुसता रस्सा म्हणजे भाजी खाल्ली असंही धरायचं नाही. हा शेवटचा नियम सांगितल्यावर जरा शांतता झाली.

एका घरात वडिलांचे सहा गट झाले, मुलाचे पाच, आजीचे चार. आईचे दोन, भाकरी आणि डाळ. वडील म्हणाले, "असं कसं, वांग्याची भाजी होती की काल." चौथीतला मुलगा म्हणाला, "भाजी संपली होती. आईनं भाकरीनं पातेलं पुसलं." वडील काही बोलले नाहीत. आईच म्हणाली, "रोज नाही हो तसं होत." आणि कुणी काही बोलायच्या आत तीच कांदे घ्यायला उठली.

इथं वर्ग घेणारीने भाषण द्यायचा मोह आवरावा. मला आवरला नव्हता, मी दोन वाक्यं बोलले आणि ती जास्त झाली, बाप खाली मान घालून बसला. मुलगा बोलला तेवढं पुरे होतं. ताईंना वाटतं आपली चारचौघांत शोभा झाली, मालकांना वाटतं आपल्याला पकडलं. पुढच्या वेळी हे कागद आम्ही मोठ्याने वाचणार नाही. प्रत्येक घर आपला कागद आपल्यापाशी ठेवेल आणि घडी करून घरी नेईल.

काय शिजवलं, कुणी शिजवलं

मेनू साधा ठेवला. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेवग्याच्या पाल्याची भाजी, गाजर-टोमॅटोची कोशिंबीर, शेंगदाण्याची चटणी. या एका ताटात सहा गट होतात, मोजून बघा. अंडी ज्यांना चालतात त्यांनी घरून उकडून आणली आणि वेगळी ठेवली. माळकरी घरांना अवघडायला नको.

दहा माणसांच्या एका चुलीला अर्धा किलो मटकी, दोन किलो ज्वारीचं पीठ, निवडून पातेलंभर पाला आणि दीड वाटी मूगडाळ असा हिशोब धरा.

मटकी आदल्या दिवशी भिजवायला मुलांना सांगितली होती. सकाळी भिजवा, आठ तासांनी उपसा, ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवा. उन्हाळ्यात एका रात्रीत मोड येतात, थंडीत दीड दिवस लागतो. भिजवून मोड आणल्याने कडधान्यातला लोह अंगाला जास्त लागतो, कारण त्याला अडवून धरणारा घटक कमी होतो. एका मुलीने मोड आलेली मटकी सगळ्यांना दाखवत आणली, रात्रीतून तीनदा फडकं सोडून बघितलं म्हणाली. जिने मोड आणले ती उसळ खाणार नाही असं होत नाही.

शेवग्याचा पाला कोवळा घ्या, जून पाला कडसर लागतो. देठं काढून टाका, त्यांनीच भाजी चरबट होते. मूगडाळ अर्धा तास भिजवा. तेलात भरपूर लसूण, हिरवी मिरची, कांदा परता, डाळ टाकून वाफ आणा, मग पाला. झाकण ठेवून दहा मिनिटं. शेवटी दाण्याचा कूट. जमलं तर लोखंडी कढईत करा, भाजीत थोडा लोह उतरतो. पण झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाही तर काळी पडते आणि पोरं हात लावत नाहीत. ताटात घेतल्यावर वरून लिंबू पिळायचं. चुलीवर असताना नको, उष्णतेने त्यातलं क जीवनसत्त्व जातं. आणि भाजीपाल्यातला लोह अंगी लागायला तेच तर हवं असतं.

चहाचंही सांगून टाकते. जेवण झाल्या झाल्या चहा घेतला की जेवणातला लोह पुरता अंगाला लागत नाही. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको. लोहाची गोळी घेत असाल तर तीही चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या. हे ऐकून एक दाजी म्हणाले, "मग शेतात जेवल्यावर काय पाणी प्यायचं काय नुसतं?" हो दाजी, नुसतं पाणी!

भाकरी पुरुषांकडे दिली होती, शिकवायला आजी. या जागी फार हसू झालं आणि ते चांगलं झालं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून पाणी कडकडीत लागतं, आणि पीठ एकेका भाकरीपुरतंच मळायचं असतं. सप्ताहात पोतंभर कणीक तिंबणारे भाऊ एकदम चार भाकरींचं पीठ मळून बसले. चौथ्या भाकरीपर्यंत कडा फाटायला लागल्या. आजी म्हणाल्या, "घाई नाही चालत तिला." थापलेली भाकरी पिठाची बाजू वर येईल अशी तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आलं की उलटायची, दुसरी बाजू भाजली की तवा काढून निखाऱ्यावर नाही तर गॅसवर फुगवायची. पीठ जुनं असेल, विरी गेलेलं असेल, तर कुणाच्याच हातून भाकरी होत नाही, म्हणून आठवड्याच्या आत दळलेलं आणा.

दहाएक भाकरी थापून झाल्यावर एक भाऊ मनगट चोळत म्हणाले, "रोज किती करती ही?" त्यांची बायको लांबून म्हणाली, "दोन वेळच्या पंचवीस." मला वाटतं दिवसभरातलं सगळ्यात मोठं शिक्षण ते तेवढंच झालं, आणि ते आम्ही योजलेलंही नव्हतं.

लहान मुलांना चुलीपासून दूर ठेवा. सहा ते दहा वयाच्या मुलांना पाला निवडणं, लसूण सोलणं, लिंबू पिळणं एवढंच. मोठ्यांना चाकू, तोही कुणी जवळ असेल तर. बायकांनी नायलॉनच्या साडीचा पदर खोचून घ्यावा. पाण्याची बादली आणि वाळू जवळ असू द्या. हात धुवायला साबण बाहेरच ठेवा, म्हणजे येणारा प्रत्येक जण धुऊनच आत येतो.

आमची एक चूक झाली. चारही चुलींवर बायका "तुम्हाला नाही जमणार, सरका" म्हणत मधे पडत होत्या. सवयच ती. वाकडी भाकरी बघवत नाही आपल्याला. तासाभरात निम्म्या चुली परत बायकांच्या ताब्यात गेल्या होत्या. पुढच्या वेळी भाकरीच्या तासाला बायकांना बाजूला बसवून त्यांची हिमोग्लोबिन तपासणी उरकून घ्यायची, असं आशाताईंशी बोलून ठरवलं आहे. गरोदर नसलेल्या बाईचं १२ ग्रॅमच्या खाली आणि गरोदर बाईचं ११ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं धरतात. रक्त फार कमी असेल तर नुसत्या पाल्याने भरून येत नाही, दवाखान्यात दाखवायलाच हवं. हे वर्गात स्पष्ट सांगा. चार भाज्या शिकवून आपण औषध दिलं असं कुणाला वाटायला नको.

पंगत

जेवायला आधी बायका आणि मुली बसतील, वाढतील पुरुष आणि मुलगे, असं ठरलं होतं. काही जणी बसेनात. "आधी त्यांचं होऊ द्या" म्हणत उभ्या. एका आजींनी तर सरळ सांगितलं, पुरुषांच्या आधी जेवायला मला लाज वाटते. आम्ही त्यांना आग्रह केला नाही. त्या नातवाला मांडीवर घेऊन सगळ्यांच्या नंतर जेवल्या. पण त्यांच्या पुतण्याने त्यांच्यासाठी भाजी आधीच वाटीत काढून ठेवली होती, तीही फोडींसकट.

मला वाटतं आपल्या घरात आणण्यासारखी ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे. कोण आधी जेवेल याचा वाद नको असेल तर नको. पण वाढायच्या आधी सगळ्यांच्या वाट्या भरायच्या, घरच्या बाईचीही, आणि ती झाकून ठेवायची. कुणी भाजी परत मागितली तर पातेल्यातली द्यायची, झाकलेली नाही.

शेवग्याच्या भाजीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. सुरुवातीला ज्यांची गोष्ट सांगितली त्या ताईंचे मालक आले होते. पाला त्यांनीच निवडला, कढई त्यांच्याच चुलीवर होती. दुसऱ्यांदा घेतली की नाही ते मी मुद्दाम बघत होते. घेतली. "मीठ जरा कमी पडलंय" म्हणाले. स्वतः केलेल्या भाजीला माणूस नावं ठेवतो ती अशी हळू आवाजात.

नंतरचं

पंधरा दिवसांनी आम्ही घरोघर फिरलो. फक्त तीन गोष्टी विचारल्या: वर्गातलं काय पुन्हा शिजलं, कुणी शिजवलं, आणि त्या दिवशी बाईच्या ताटात काय होतं. सगळीकडे बदल झाला असं मी लिहिणार नाही, तसं झालेलं नाही. उसळ बहुतेक घरांत झाली, कारण मुलं मटकी भिजवायला मागं लागली. शेवगा निम्म्या घरांत. भाकरी करणारा पुरुष एकच सापडला, तोही बायको बाळंतपणाला माहेरी गेली म्हणून. झाकलेली वाटी मात्र तीन-चार घरांत दिसली. एका घरात सासूबाईंनीच सुरू केली होती, सुनेला चौथा महिना आहे म्हणून.

दोन घरी विचारल्यावर विषय बदलला गेला. तिथं आम्ही पुन्हा गेलो नाही, पुढच्या वर्गाचं बोलावणं तेवढं देऊन आलो.

ज्या ग्रामसंघांना वर्ग घ्यायचा आहे त्यांनी प्रभाग संघाच्या येत्या मासिक सभेत ठराव घेऊन यावं. दहा अन्नगटांचे तक्ते आपल्याकडे शिल्लक आहेत, ते मिळतील. मोठी पातेली दोन गावांत मिळून वापरायची असल्याने तारखा एकमेकींशी बोलून ठरवा. हजेरीपत्रक आखताना घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि सही घ्या, लहान मुलांचीही, त्यांना सही करायला फार आवडतं. शेवटी एक रकाना "भांडी कुणी घासली" असा ठेवा. आमच्या वर्गात तो नव्हता. सगळे फोटो काढून पांगले, आणि सहा जणी नळावर भांडी घासत बसल्या होत्या.